चार पायांचं गिऱ्हाईक

पवित्राला वयाच्या सहाव्या वर्षापासून कुत्रा हवा होता आणि तिच्या वडिलांनी तो कधीच घरात येऊ दिला नाही. खंडोजीराव काही कठोर माणूस नव्हते. बंगळुरातल्या चामराजपेटेत त्यांचं कोट-पँट शिवायचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर, आणि त्यांचा एकच सिद्धांत होता : कुत्रं आणि सुटिंग एका छपराखाली नांदत नाही. काळ्या कोटावर एक पांढरा केस दिसला की लग्नाचं गिऱ्हाईक हातचं गेलं समजा. पोर रडली, रुसली, दोन वेळा जेवली नाही. शेवटी खंडोजीरावांनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, चिंध्या भरून तिला एक कुत्रा शिवून दिला. दिसायला झकास होता. पण हाक मारली तर यायचा नाही, आणि पवित्राला नेमकं तेवढंच हवं होतं.

म्हणून १९९७ साली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, वर्गातली बाकीची शहाणी मंडळी पाण्याच्या टाकीचा इशारा, चौकातले सिग्नल, लिफ्टचं कंट्रोल असले विषय प्रोजेक्टसाठी लिहून देत होती, तेव्हा पवित्रानं कागदावर लिहिलं : 'पाळीव कुत्रा, यांत्रिक.'

प्रोजेक्ट ज्यांच्या हाताखाली करायचं ते भीमाचार्य सर. कपाळावर गंध, हातात कायम लाल पेन. त्यांनी कागद दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"हे प्रोजेक्ट आहे की खेळणं?" त्यांनी कानडीत विचारलं.

"बोलावलं की येईल, सर."

"बरं. बोलावल्यावर आला, तर प्रोजेक्ट. नाही आला, तर खेळणं. आणि खेळण्याला मी पास करत नाही."

हे बोलणं गमतीवारी नेण्यासारखं नव्हतं. हेब्बाळच्या बाजूला नव्यानं निघालेल्या एका कंपनीनं पवित्राला नोकरीचं पत्र दिलं होतं. जुलैत रुजू व्हायचं, पण सगळे विषय सुटलेले असले तरच. प्रोजेक्ट अडकलं म्हणजे सहा महिने गेले, आणि सहा महिने कुठलीही कंपनी कुणासाठी खुर्ची पुसत बसत नाही. हे सगळं पवित्राला ठाऊक होतं. तरी तिनं कागद मागे घेतला नाही. सोळा वर्षं साठवलेला हट्ट होता तो, असा सहजासहजी थोडाच सुटणार.

जोडीला शुभदा होती. शुभदाच्या वडिलांची तीन वर्षांपूर्वी पुण्याहून बदली झाली, तेव्हापासून ती मल्लेश्वरमला राहायची. पवित्रा पहिल्या दिवशी बाकावर येऊन तिला "स्वल्प सरक की गं" म्हणाली, तेव्हा शुभदाला वाटलं होतं की ही आपली टिंगल करतेय. पुढं तिला कळलं की पवित्राच्या घरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात आहेत आणि यांच्या मराठीत कानडी असं मिसळलंय की आता निवडायला गेलं तर काहीच उरायचं नाही. तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं.

मग सुरू झाली शोधाशोध. एस. पी. रोडवर जुन्या प्रिंटरच्या मोटारी किलोच्या भावानं मिळतात हे शुभदाला ऐकून माहीत होतं. पण तिथं अर्धा तास उन्हात उभं राहून "अण्णा, स्वल्प कमी माडी" म्हणजे थोडं कमी करा, असं दुकानदाराला पाझर फुटेपर्यंत म्हणायचं असतं हे पवित्राला माहीत होतं. दोघींनी मिळून दोन मोटारी, वाटाण्याएवढे दोन माइक आणि इमर्जन्सी दिव्यातली एक बॅटरी आणली. माइक दोन कानांत बसणार होते. आवाज ज्या कानाला आधी पोचेल त्या बाजूला कुत्र्यानं मान वळवायची, अशी योजना.

पायांचं मात्र जमेना. मोटार गोल फिरते आणि पाय तर पुढं-मागं, वर-खाली जायला हवेत. कागदावर आकृत्या काढून काढून दोघींचे डोळे शिणले. एका दुपारी पवित्रा दुकानात डोकं धरून बसली होती आणि समोर मशीन चालू होतं. चाक गोल फिरत होतं. सुई वर-खाली होत होती.

ती एकदम उभीच राहिली.

"अण्णा! मोडक्या मशिनी कुठं आहेत?"

"माळ्यावर आहेत की. का?"

"सगळ्या द्या मला!"

माळ्यावरून चार म्हाताऱ्या शिलाई मशिनींची हाडं खाली आली. दांडे, कड्या, उखळ्या, चकत्या. पवित्रा एकेक भाग हातात घेऊन फिरवून पाहत होती आणि तिच्या अंगात वारं शिरलं होतं. जेवायला बोलावलं तरी उठेना. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी सुईसाठी जे डोकं लढवून ठेवलं होतं ते सगळं तिच्या कुत्र्याच्या पायांसाठी आयतं चालणार होतं, आणि ते इतकी वर्षं आपल्याच माळ्यावर धूळ खात पडलं होतं. शेपटीला एक बॉबिन लागली, दोरा गुंडाळायची ती लोखंडी रिकामी चकती, आणि कुत्र्याचं नावही तेच पडलं.

बॉबिन पहिल्यांदा चालला तो मार्च महिन्यात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. चालला तो मागे. पवित्रानं बटण दाबलं, पायांनी खुडुक-खुडुक केलं, आणि कुत्रा रुबाबात उलटा जाऊन भिंतीला टेकला.

"चालला! पवित्रा, चालला!" शुभदा किंचाळली.

"अगं, मागं चालला."

"मागं तर मागं! चालला ना!"

दोघी एकमेकींचे हात धरून तिथंच नाचल्या. शेजारी पाण्याच्या टाकीचा इशारा करणारी मुलं तोंड वासून पाहत होती. वायरी उलट्या जोडल्या होत्या, त्या सुलट केल्या आणि संध्याकाळपर्यंत बॉबिन पुढं चालायला लागला. त्याच्या पोटात एक चिप होती, आणि त्या चिपमध्ये पवित्राचा प्रोग्रॅम. प्रोग्रॅममध्ये काही चुकलं की ती चिप काढून जांभळ्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवायची, कोरी करायची, आणि पुन्हा भरायची. अशी ती चिप महिनाभरात सत्तर वेळा कोरी झाली. माणसाची हाक ओळखणं त्या बिचाऱ्या चिपच्या बापालाही जमलं नसतं, म्हणून टाळी ठरली. एक टाळी वाजली की बॉबिन आवाजाकडे मान वळवायचा. दोन लागोपाठ वाजल्या की चालत यायचा. नाकात एक बटण होतं. कशाला नाक टेकलं की पाय थांबायचे आणि शेपूट जोरात हलायचं. एप्रिलच्या अखेरीला प्रयोगशाळेच्या या टोकाला टाळी वाजवली तर तो त्या टोकाहून यायचा. पवित्रा त्याच्यासमोर उकिडवी बसायची, आणि तो आला की दर वेळी त्याच्या पत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. शुभदाचं लक्ष नाही असं पाहून, पण शुभदाला दिसायचं.

एवढं सगळं झालं, पण दिसायला बॉबिन म्हणजे पत्र्याच्या पट्ट्या आणि वायरींचा सांगाडा होता. पवित्रा त्याला घरी घेऊन आली तेव्हा आई म्हणाली, "अय्यो, याला जेवायला घालत नाहीस काय?"

अण्णा उठले. त्यांनी गळ्यातली टेप काढली, कानामागची पेन्सिल काढली आणि मापांची वही उघडली. खंडोजीरावांनी तीस वर्षांत कलेक्टरपासून क्लार्कापर्यंत सगळ्यांची मापं घेतली होती, पण शेपटीचं माप घ्यायची वेळ पहिलीच होती. वहीत नोंद झाली ती अशी : 'नाव बॉबिन. गळा नऊ, छाती सोळा, उंची अकरा, शेपूट साडेपाच. ट्रायल बुधवारी.'

"कापड कुठलं लावायचं, काका?" शुभदानं विचारलं.

"मखमल. एका नवरदेवाच्या शेरवानीतली उरलीय, बदामी रंगाची. काठ नीट बंद केले की एक केस झडायचा नाही." हे बोलताना त्यांनी पवित्राकडे पाहिलं नाही, पण पवित्राला ते बरोबर पोचलं.

त्याच दिवशी एक गोष्ट झाली. टेबलावर अण्णांची मोठी कात्री पडली होती, बापाच्या काळची, काळ्या मुठीची. शुभदानं ती उचलली आणि सहज हवेत कच्‌कच् वाजवली.

"हां, हां, हां! ठेव ती!" अण्णा ओरडले.

"काय झालं काका?"

"रिकामी कात्री वाजवायची नाही, बा. भांडण होतं."

"काका, सायंटिफिकली बघायला गेलं तर..."

"ते तुमच्या कालेजात. इथं कात्री वाजली की खाली कापड पाहिजे."

शुभदानं हसत कात्री ठेवली. दहा मिनिटांच्या आत चिप कोरी करायला जायची पाळी कुणाची यावरून तिचं आणि पवित्राचं असं कडाक्याचं वाजलं की आई जिन्यावर येऊन उभी राहिली. अण्णांनी सुईत दोरा ओवता ओवता, मान वर न करता एवढंच म्हटलं, "सांगितलं नव्हतं?"

परीक्षा शुक्रवारी होती. गुरुवारी दुपारी बॉबिन अंगात मखमल घालून उभा राहिला आणि दुकानातल्या दोन्ही कारागिरांनी मशिनी थांबवून त्याला पाहिलं. लोंबते कान, गुबगुबीत पोट, छातीवर शिवण अशी बेमालूम की बोट फिरवूनही सापडू नये. अण्णांनी त्याला हौसेनं एक छोटी कॉलरही लावली होती. पवित्रानं बटण दाबलं. शेपूट हललं. आणि बॉबिन जागच्या जागी गोल गोल फिरायला लागला.

"याला काय झालं? वेडा झाला का?" शुभदा घाबरली.

वेडा नव्हता झाला. कानांवर मखमल आली होती, म्हणून पवित्रानं माइक जरा तिखट करून ठेवले होते, आणि आता मशिनींच्या घरघरीनं तो भांबावला होता. हे दुकानातच कळलं ते एका परीनं बरंच झालं. कारण परीक्षा कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये होती, आणि तिथले जुने पंखे मशिनींइतकेच घरघरायचे.

"म्हणजे इथंच ट्यून करू," शुभदा म्हणाली. "मशिनी चालू राहू देत. इथं जमलं तर तिथं जमलंच."

बॉबिनच्या पाठीत एक छोटा स्क्रू होता. तो फिरवत गेलं की खालच्या सुरातले जाडे आवाज गाळले जायचे आणि वरच्या सुरातले बारीक, धारदार तेवढे आत जायचे. पवित्रा स्क्रू फिरवत गेली. शुभदा टाळ्या वाजवायला बसली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रिकामी अशी एकच होती, अण्णांच्या कापायच्या टेबलाच्या पायाशी. वर अण्णांचं काम चालू होतं. रविवारच्या लग्नाचे तीन कोट बेतायचे होते.

स्क्रू अर्धा वेढा फिरला. अजून गोल गोल. एक वेढा. थोडा शांत. दीड वेढा, आणि बॉबिन गप्प उभा राहिला. दोन्ही मशिनी धडधडत होत्या आणि त्याला त्यांचं काही नव्हतं.

"वाजव!"

शुभदानं दोन टाळ्या वाजवल्या. बॉबिननं मान वळवली, सरळ तिच्याकडे चालत गेला आणि टेबलाच्या पायाला नाक लावून शेपूट हलवायला लागला.

"परत!"

परत आला. तिसऱ्यांदा आला. आठ वेळा ठेवला, आठ वेळा आला. एकदा तर शुभदानं हात उचलले आणि टाळी वाजायच्या आधीच साहेब निघाले.

"अगं, हा तर माझ्या मनातलं ओळखायला लागला!" शुभदा हसून हसून लोळायची बाकी राहिली. पवित्रानं स्क्रूवर नखपॉलिशचा थेंब टाकला, म्हणजे तो हलायला नको. नोकरी तिला आता हातात आल्यासारखी वाटत होती.

शुक्रवारी सकाळी ती बॉबिनला गोणपाटात गुंडाळायला निघाली तेव्हा अण्णा आडवे आले.

"मखमलीची लव मोडेल. मी धरून बसतो."

"तुम्ही कॉलेजात येणार?"

"ऑटोत धरायला कुणी नको?"

अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खांद्याला नेहमीची कापडी पिशवी लावली, आणि रिक्षात बॉबिनला तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला "अप्पा, निधान" म्हणत, म्हणजे हळू रे बाबा. कॉलेजच्या दारात मुलं त्यांच्याकडे पाहून हसली. पवित्राचे कान तापले. हॉलच्या बाहेर बाक होता.

"अण्णा, तुम्ही इथं बसा. आत फक्त परीक्षावाले."

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, असं म्हणून अण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसले. खरं तर आत कुणाचा मामा, कुणाचा भाऊ असे पाचपंचवीस लोक उभे होते. पवित्राला आत गेल्यावर ते दिसलं आणि ती क्षणभर घुटमळली. पण तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

भीमाचार्य सरांच्या शेजारी बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक बसले होते, कृष्णमूर्ती म्हणून. सडसडीत, तोंडात वेलदोडा. बॉबिनला पाहून त्यांनी वेलदोडा चावायचा थांबवला. "अरे वा!" ते म्हणाले. "चालतो?"

"बोलावलं की येतो, सर," पवित्रा म्हणाली.

बॉबिनला हॉलच्या मधोमध ठेवलं. वर पंखे घरघरत होते. बटण दाबलं, तो शांत उभा राहिला, गोल फिरला नाही. पवित्राच्या जिवात जीव आला. शुभदा खिडकीपाशी गेली आणि तिनं दोन टाळ्या वाजवल्या.

बॉबिन उभाच.

शुभदानं पुन्हा वाजवल्या. मग पवित्रानं. शेपूट हलत होतं, पण शेपटीचा आणि कानांचा काही संबंध नव्हता. बटण दाबलं की ते हलायचंच. कृष्णमूर्ती सर उठून स्वतः पुढं आले आणि त्यांनी वाकून टाळ्या वाजवल्या. मागची मुलं पुढं सरकली, त्यांनी वाजवल्या. बघता बघता सगळा हॉल आरती चालल्यासारखा टाळ्या पिटायला लागला, आणि बॉबिन त्या सगळ्यांच्या मधे ढिम्म.

पवित्रा गुडघ्यावर बसली. तिनं बॅटरी पाहिली, ठीक होती. कानातल्या वायरी पाहिल्या, ठीक होत्या. स्क्रूवरचं नखपॉलिश जसंच्या तसं होतं. काल आठ वेळा आला होता, आठच्या आठ वेळा! भीमाचार्य सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. ते दुष्ट नव्हते, पण शब्दाचे पक्के होते. "खेळणं," ते हळूच म्हणाले.

इकडे बाहेर बाकावर अण्णांनी टाळ्यांचा गजर ऐकला. त्यांची खात्रीच पटली की पोरीनं मैदान मारलं. ते उठले, दार ढकललं, आणि तोंडभर हसत आत आले.

कुणी त्यांना अडवलं नाही. सगळे बॉबिनकडे पाहत होते. अण्णांनीही पाहिलं, आणि त्यांचं हसू मावळलं. बॉबिन उभा होता हॉलच्या मधोमध, एवढ्या मोठ्या लोकांसमोर, आणि त्याच्या पोटाखाली बोटभर दोरा लोंबत होता. रिक्षात कुठंतरी उसवला असणार. शिंप्याला लोंबता दोरा दिसला आणि तो गप्प बसला असं आजवर झालेलं नाही. "नमस्कार सार, एक मिनिट," असं म्हणत ते पुढं गेले, गुडघ्यावर बसले, पिशवीतून काळ्या मुठीची कात्री काढली आणि दोरा कापला.

कच्.

बॉबिननं मान वळवली.

अण्णांच्या ते लक्षातही आलं नाही. शुभदाच्याही नाही. पवित्रानं मात्र पाहिलं. काल शुभदा कुठं बसली होती? टेबलाच्या पायाशी. आणि टेबलावर, तिच्या डोक्यावर, तिन्ही कोटांचं कापड कोण कापत होतं? बॉबिन शुभदाकडे गेलाच नव्हता. टाळी वाजायच्या आधी निघाला तो काही मनातलं ओळखून नाही. मशिनींची घरघर गाळता गाळता तिनं टाळ्याही गाळून टाकल्या होत्या, आणि त्या स्क्रूतून आत जाणारा एकच आवाज शिल्लक उरला होता. तो तिला ऐकू आला नव्हता. जन्मल्यापासून दिवसभर वाजणारा आवाज. घरातल्या माणसांना घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तसा तो तिला कधी ऐकूच आला नव्हता.

"अण्णा!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की कृष्णमूर्ती सर दचकले. "अण्णा, दारापाशी जाऊन उभे राहा. आणि कात्री वाजवा. लागोपाठ दोनदा."

"काय कापू?"

"काही नाही. रिकामी वाजवा."

अण्णा तिच्याकडे पाहत राहिले. बापाच्या हाताखाली कात्री धरली त्याला चाळीस वर्षं झाली होती. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून ती एकदाही रिकामी वाजली नव्हती. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. हॉलमध्ये एक चिंधी नव्हती.

"भांडण होईल, बा," ते हळू आवाजात म्हणाले.

"होऊ दे अण्णा. वाजवा ना!"

अण्णांनी लाल पेनाकडे पाहिलं, मग पोरीच्या तोंडाकडे. काय चाललंय ते त्यांना उमगलं नव्हतं, पण ते तोंड त्यांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं. सहा वर्षांची असताना, दोन वेळा जेवली नव्हती तेव्हा. ते दारापाशी गेले. डोळे मिटून अंबाभवानीचं नाव घेतलं आणि कात्री उचलली.

कच्. कच्.

बॉबिन वळला. आधी मान, मग सगळा. आणि निघाला. खुडुक-खुडुक, खुडुक-खुडुक, पंख्यांच्या घरघरीतून, दोन्ही बाजूंना मागे हटलेल्या पोरांच्या मधून.  हॉलची अख्खी लांबी चालून तो दारापाशी गेला आणि अण्णांच्या पँटला नाक लावून उभा राहिला. शेपूट जोरजोरात हलायला लागलं.

मग जो काही आरडाओरडा झाला! शुभदा रडत होती की हसत होती तेच कळेना. पाण्याच्या टाकीवाल्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. पवित्रा जागची हललीच नाही. अण्णा वाकले आणि ज्या दिशेला लव होती त्या दिशेनं त्यांनी बॉबिनच्या पाठीवरून हात फिरवला. ते खाली पाहून काहीतरी पुटपुटत होते. बोलावलं की येतो, असं म्हणत असावेत.

"थांबा, थांबा!" भीमाचार्य सर उभे राहिले. "तुमच्या रिपोर्टात टाळी लिहिलीय. कात्री कुठं लिहिलीय?"

"आचार्य, काय बोलता?" कृष्णमूर्ती सर उसळले. "तुम्ही आम्ही शंभर जणांनी टाळ्या पिटल्या, त्याला तो फसला नाही. आणि एका कात्रीला ओळखून गेला! हे टाळीपेक्षा अवघड!"

"पण ते ठरवून झालेलं नाही!"

"मग का झालं ते तिला विचारा की!"

पवित्रानं सांगितलं. स्क्रू, मशिनी, टेबलाचा पाय, सगळं. काहीच लपवलं नाही. "चूक माझी आहे सर. आठ वेळा तपासलं, पण मला कात्री ऐकूच आली नाही. आमच्या घरात ती रोज असते."

ते ऐकून दोघे परीक्षक पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. एक म्हणत होते ही घोडचूक, दुसरे म्हणत होते चूक शोधून जागेवर दाखवली हाच अभ्यास. आधी कानडीत, मग इंग्रजीत, आणि आवाज चढल्यावर परत कानडीत. टेबलावर हात आपटले गेले, वेलदोड्याची डबी खाली पडली, पुढच्या नंबरची मुलं दाराबाहेर जाऊन उभी राहिली. अण्णांनी कात्री पिशवीत घातली आणि पवित्राच्या कानाशी येऊन म्हणाले, "सांगितलं नव्हतं?"

दहा मिनिटांनी भीमाचार्य सर दमून खाली बसले. त्यांनी पेन हातात घेतलं, बॉबिनकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"मी म्हटलं होतं, बोलावल्यावर आला तर प्रोजेक्ट," ते म्हणाले. "आला. कुणी बोलावलं ते मी म्हटलं नव्हतं." आणि त्यांनी वहीत लिहिलं : पास.

संध्याकाळी दुकानात शुभदानं सगळी हकीकत पवित्राच्या आईला तीनदा सांगितली, तिन्ही वेळा हॉल थोडा मोठा होत गेला. मग ती स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉबिनपाशी बसली. "अर्धा वेढा मागे घेतला की टाळीला पण येईल. घेऊ?"

"नको," पवित्रा म्हणाली. "राहू दे."

अण्णा कामाला लागले होते. रविवारचं लग्न काही थांबणार नव्हतं. बॉबिन टेबलाच्या पायाला नाक लावून उभा होता, बटण चालूच राहिलं होतं. पवित्रा जिन्याच्या पायरीवर बसली आणि ऐकत राहिली. लांब कापताना कर्र असा आवाज यायचा, वळणावर बारीक कच्‌कच्, आणि कापड संपताना एक मोठा. तिला वाटलं होतं हा एकच आवाज आहे. तो किती तऱ्हेचा होता! आणि दर कच्‌ला बॉबिन आवाजाकडे मान वळवत होता.

"ते बंद कर, बा," अण्णा म्हणाले. "फुकट बॅटरी उतरेल."

"राहू द्या की अण्णा, स्वल्प वेळ," पवित्रा म्हणाली. "ऐकतोय तो."